आवाज एक नंबर, पण सप्लाय? स्वस्त ऑडिओ पॉवर सप्लाय पारखायचा कसा

गणपतीला आठवडा राहिला होता. आतेभावाचा फोन आला. "दादा, अँप तयार झाला! आवाज एक नंबर आहे. फक्त डब्याला हात लागला की मुंग्या येतात. चालेल ना?"

मी त्याला एवढंच म्हणालो, "आधी प्लग काढ. मग बोलू."

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. डिग्री इंजिनिअरिंगची असली तरी माझा सगळा दिवस कोडमध्ये जातो आणि माझ्या बहुतेक चुका एका बटणाने मागे घेता येतात. २३० व्होल्टचं तसं नाही.

त्याने जे केलं होतं, ते आज हजारो मुलं करतात. ऑनलाइन मिळणारा काही शे रुपयांचा क्लास-डी ॲम्प्लिफायर बोर्ड, जुन्या होम थिएटरचे दोन स्पीकर आणि २४ व्होल्ट, १० अँपियर असं लिहिलेला, जाळीदार पत्र्याच्या खोक्यातला एसएमपीएस. एलईडी पट्ट्यांच्या दुकानात दिसतो तोच. सप्लायला दोन तारांची वायर आणि टू-पिन प्लग. ब्लूटूथ अधूनमधून तुटतं म्हणून फोन ऑक्स केबलने जोडलेला. म्हणजे ज्या डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत होत्या, त्याच डब्याशी तारेने जोडलेला फोन हा पठ्ठ्या हातात धरून गाणी बदलत होता.

मुंग्या का येतात आणि त्या 'चालतील' का, हे शोधताना मला जे समजलं ते इथे मांडतोय. थोडक्यात सांगायचं तर, स्वस्त सप्लायमधला सर्वात महत्त्वाचा भाग कानाला ऐकू येत नाही. आवाज कितीही छान असला तरी त्यावरून त्या भागाबद्दल काहीच कळत नाही.

आत्ताच हा विषय का?

मार्च २०२५ मध्ये भारतीय मानक ब्युरोने, म्हणजे बीआयएसने, दिल्लीत ॲमेझॉनच्या एका गोदामावर छापा घातला. आयएसआय चिन्ह नसलेली किंवा खोटी लेबलं लावलेली ३,५०० हून अधिक विजेची उपकरणं जप्त झाली. किंमत सुमारे ७० लाख रुपये. त्याच सुमारास फ्लिपकार्टच्या समूहातल्या कंपनीच्या गोदामावरही कारवाई झाली. जप्त मालात गिझर, मिक्सर अशा वस्तू होत्या. पॉवर सप्लायची बातमी ती नव्हती, पण प्रश्न तोच आहे. ऑनलाइन दिसणारा माल कोणीतरी तपासलेला असेल, असं आपण गृहीत धरतो. ते गृहीत किती खरं?

नियम नाहीत असं नाही. २०१२ मध्ये केंद्र सरकारने काही इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. २०१४ मध्ये यादी वाढवली, तेव्हा तिच्यात आयटी उपकरणांचे आणि ऑडिओ-व्हिडिओ उपकरणांचे पॉवर अडॅप्टर आले. २०१७ च्या यादीत ४८ व्होल्टपर्यंतचे स्वतंत्र एसएमपीएसही आले. म्हणजे कागदावर आतेभावाच्या पत्र्याच्या खोक्यालाही नोंदणी लागते. त्या खोक्याच्या लेबलवर मात्र नोंदणी क्रमांक तर सोडाच, बनवणाऱ्याचं नावही नव्हतं. होतं ते फक्त 'एस-२४०-२४' आणि इनपुट-आउटपुटचे आकडे.

डब्यात नेमकं काय चालतं?

एसएमपीएस समजायला सोपा आहे. घरातली २३० व्होल्ट एसी वीज आधी सरळ करून मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवली जाते. २३० हा सरासरीसारखा आकडा आहे. लाटेचं टोक ३२५ व्होल्टचं असतं, म्हणून त्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी जमतं. मग एक ट्रान्झिस्टर ही वीज सेकंदाला हजारो वेळा बंद-चालू करतो आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून ती पलीकडे २४ व्होल्ट होऊन निघते.

मुद्दा आहे तो 'पलीकडे' या शब्दात. बोर्डाच्या मधोमध एक न दिसणारी भिंत असते. एका बाजूला ३२५ व्होल्ट, जीव घेणारे. दुसऱ्या बाजूला २४ व्होल्ट, ज्यांना तुमचा हात लागू शकतो. ही भिंत ओलांडायची परवानगी फक्त तीन गोष्टींना असते. ट्रान्सफॉर्मर, जो चुंबकातून ऊर्जा पाठवतो. ऑप्टोकपलर, जो प्रकाशातून निरोप पाठवतो. आणि एक छोटा कपॅसिटर, ज्याला 'वाय कपॅसिटर' म्हणतात.

हा वाय कपॅसिटर लागतो, कारण बंद-चालू होण्याने तयार होणारा विजेचा गोंधळ त्याच्यातून परत आपल्या जागी जातो. तो नसेल तर रेडिओत खरखर येते आणि स्वस्त अँपमध्ये शिट्टीसारखा आवाज येऊ शकतो. पत्र्याच्या खोक्यात फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे जाणारे आणखी दोन वाय कपॅसिटरही असतात. मुंग्या आल्या त्या इथून.

मुंग्यांचं गणित

पत्र्याच्या खोक्याला अर्थिंग जोडलेलं असेल तर या कपॅसिटरमधून झिरपणारी वीज मुकाट्याने जमिनीत जाते. पण दोन तारांची वायर लावली की पत्र्याला जायला जागाच उरत नाही. एका बाजूने फेज ओढतोय, दुसऱ्या बाजूने न्यूट्रल. पत्रा मधे लटकतो, साधारण ११५ व्होल्टवर.

मी त्याच्याकडे मल्टिमीटर घेऊन गेलो. पत्रा आणि सॉकेटचं अर्थिंग यांच्यात मीटरने ११० च्या आसपास आकडा दाखवला. आत्या मागेच उभी होती. "एकशे दहा? आणि हा त्याला हात लावत होता?"

पण इथे घाईने निष्कर्ष काढू नका. व्होल्ट किती यापेक्षा शरीरातून वीज किती वाहू शकते, हे महत्त्वाचं. साधारण २.२ नॅनोफॅरडचा वाय कपॅसिटर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर फक्त ०.१६ मिलिअँपियर वीज पुढे जाऊ देतो. माणसाला विजेची जाणीव साधारण अर्ध्या मिलिअँपियरपासून होते असं धरतात. बोट हलकंच घासलं तर त्याहून कमीतही गुदगुल्या होतात. अशा ०.१६ मिलिअँपियरने त्रास होतो, जीव जात नाही.

मग प्रश्न मिटला? नाही, तो इथूनच सुरू होतो. हे सगळं गणित एका अटीवर उभं आहे. तो कपॅसिटर खरोखर वाय वर्गाचा हवा. वाय कपॅसिटर असा बनवलेला असतो की बिघडला तर तो तुटावा, जोडला जाऊ नये. वाय-१ वर्गाची चाचणी ८,००० व्होल्टच्या झटक्याने होते, वाय-२ ची ५,००० व्होल्टच्या. त्याच्या जागी चारआठ आणे वाचवून साधा निळा सिरॅमिक कपॅसिटर लावला, तर तो पहिल्या दिवशी तसाच चालतो. मुंग्याही तशाच येतात. फरक दिसतो तो पावसाळ्यात वीज कडाडून लाइनवर झटका आला की. साधा कपॅसिटर आतून जोडला गेला, तर फेज थेट पलीकडे. तिथून अँप, अँपमधून ऑक्स केबल, केबलमधून फोन, फोनमधून हात.

म्हणजे चांगल्या सप्लायच्या मुंग्या आणि धोकादायक सप्लायच्या मुंग्या हाताला सारख्याच लागतात. 'इतके दिवस काही झालं नाही' या वाक्याला इथे अर्थ नाही.

काकांनी झाकण उघडलं

सप्लाय घेऊन आम्ही पुण्यात तपकीर गल्लीत गेलो. तिथे एका दुकानात अँप दुरुस्त करणारे एक काका बसतात. मी कॉलेजच्या प्रोजेक्टपासून त्यांच्याकडे जातो. त्यांनी आधी मीटरच्या दोन टोकांत १० किलोओहमचा रेझिस्टर आडवा लावला. ११० व्होल्टचा आकडा कोसळून दोनच्या आत आला. "बघ, यात दम नाही. आत्ता तरी हे फक्त झिरपणं आहे," काका म्हणाले. "आता आत बघू."

आधी एक सक्त सूचना. हे घरी करू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट बराच वेळ टिकून राहू शकतात. काकांनी झाकण उघडल्यावर सर्वात आधी तो कपॅसिटर रेझिस्टरने रिकामा केला आणि मीटरने खात्री केली. तुम्हाला हे येत नसेल तर येणाऱ्याकडे जा. जाळीतून टॉर्च मारूनही बरंच दिसतं.

आत जे दिसलं ते असं:

वाय कपॅसिटर. भिंत ओलांडणारा कपॅसिटर साधा निघाला. त्याच्यावर '२२२' आणि '२ केव्ही' एवढंच छापलेलं. खऱ्या वाय कपॅसिटरवर वाय-१ किंवा वाय-२ असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि चाचणी संस्थांची बारीक चिन्हं असतात. काका म्हणाले, "हा कंडेन्सर चांगला आहे रे, पण या जागेसाठी नाही."

भिंतीची रुंदी. घरगुती विजेसाठी बोर्डाच्या पृष्ठभागावर दोन बाजूंमध्ये साधारण ५ ते ६ मिलिमीटर मोकळी जागा लागते. चांगल्या सप्लायमध्ये ऑप्टोकपलरखाली बोर्डाला चक्क खाच पाडलेली असते, म्हणजे धूळ आणि ओल जमून पूल बनू नये. इथे खाच नव्हती आणि एका ठिकाणी अंतर जेमतेम २ मिलिमीटर. अमेरिकेतले केन शिरिफ यांनी २०१४ मध्ये आयपॅडचा खरा आणि नकली चार्जर उघडून शेजारी ठेवले होते. खऱ्यात हे अंतर ५.६ मिलिमीटर होतं, नकलीत ०.६. दोघांचं बाहेरचं रूप जवळजवळ सारखं.

रिकाम्या जागा. बोर्डावर फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली, पण कॉइल नाही. तिथे दोन साध्या तारा. थर्मिस्टरच्या जागीही तार. म्हणजे डिझाइन करणाऱ्याला काय हवं ते माहीत होतं. बनवणाऱ्याने काढून टाकलं. फ्यूज मात्र होता.

मोठे कपॅसिटर. २०० व्होल्ट, २२० मायक्रोफॅरडचे दोन, एकामागे एक जोडलेले. अशी जोडणी केली की व्होल्टची क्षमता दुप्पट होते आणि साठवण निम्मी. म्हणजे उरले ११० मायक्रोफॅरड. २३० व्होल्टसाठी साधा ठोकताळा आहे: एका वॅटला एक मायक्रोफॅरड. २४ व्होल्ट गुणिले १० अँपियर म्हणजे २४० वॅट. साठवण मात्र निम्म्याहून कमी वॅटची.

जाता जाता आणखी एक. अशा खोक्याच्या बाजूला ११५/२३० असा लहान लाल किंवा पिवळा स्विच असतो. ११५ वर ठेवून आपल्याकडे लावलात तर आत ३२५ ऐवजी साडेसहाशे व्होल्ट तयार होतात आणि ४०० व्होल्ट सोसणारी कपॅसिटरची जोडी फटाक्यासारखी फुटते. पहिल्यांदा लावण्याआधी हा स्विच बघायलाच हवा.

'१० अँपियर' किती खरे?

स्पीकरवर '५००० वॅट पीएमपीओ' छापायचे तो काळ आठवतो? पॉवर सप्लायमध्ये तो अजून संपलेला नाही.

हे तपासायला काकांकडे झकास युक्ती होती. गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट, ५५ वॅटचे हॅलोजन बल्ब. दोन एकामागे एक जोडले की २४ व्होल्टला साधारण साडेचार अँपियर ओढतात. थंड बल्ब पहिल्या क्षणी खूप जास्त वीज ओढतो, त्यामुळे सुरुवातीला सप्लाय अडखळला तर तेवढं माफ. आमचा सप्लाय बल्बच्या एका जोडीवर २४ वरून पावणेचोवीसवर आला. हे ठीक. दुसरी जोडी लावली, म्हणजे नऊ अँपियर, तेव्हा २१ च्या खाली घसरला आणि पाचेक मिनिटांत गरम वार्निशचा वास यायला लागला. काकांनी बटण बंद केलं.

म्हणजे १० अँपियरचा सप्लाय पाच अँपियरचा निघाला. गंमत अशी की आतेभावाला पाचच हवे होते. त्याच्या बोर्डावर टीपीए३११६ ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप आहे. विक्रेते तिच्यावर '१०० वॅट + १०० वॅट' लिहितात, पण कंपनीच्याच माहितीपत्रकात २१ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला दोन्ही बाजूंना ५० वॅट दिलेत. एकूण १०० वॅट. ही चिप ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम आहे, म्हणजे सप्लायकडून ११० वॅट, साधारण सव्वापाच अँपियर. तेही पूर्ण आवाजात, तो फाटायला लागेपर्यंत. गाण्यात ढोलाचा ठेका क्षणभर जोर मागतो. बाकी वेळ सरासरी याच्या कितीतरी खाली असते.

म्हणून खोट्या दहापेक्षा खरे पाच अँपियर केव्हाही बरे. मोठा आकडा बघून घेतलेला सप्लाय जास्त सुरक्षित असेल, असं समजायचं कारण नाही. आकडा छापायला पैसे लागत नाहीत.

आवाजातला दोष म्हणजे सप्लायचा दोष नव्हे

बरेच जण सप्लाय पारखतात तो कानाने. स्पीकरमधून 'घूंऽऽ' आलं की सप्लाय खराब, नाही आलं की चांगला. हे दोन्ही बाजूंनी चुकतं.

घूं आवाज येत असेल तर आधी फोनचा चार्जर काढा. लॅपटॉप असेल तर त्याचाही. फोन बॅटरीवर आल्याबरोबर आवाज गेला, तर दोष अँपच्या सप्लायचा नाही. दोन उपकरणं दोन वाटांनी जमिनीशी जोडली गेल्याने तयार झालेल्या फेऱ्याचा तो आवाज आहे. ऑक्स काढून ब्लूटूथवर लावा. तरीही गेला तर तोच निष्कर्ष. पण इनपुटची केबल काढूनही घूं राहिला आणि आवाज वाढवल्यावर, जोराच्या ठेक्यावर बदलत गेला, तर सप्लायचा साठवण कपॅसिटर कमी पडतोय किंवा सुकलाय असं समजायला जागा आहे.

उलट बाजू जास्त महत्त्वाची. आमच्या सप्लायला एक जोडी बल्बइतक्या भारावर काही होत नव्हतं. आवाज खरंच स्वच्छ होता. ज्या बोर्डावर भिंत दोन मिलिमीटरची आहे, त्याचा बास उत्तम असू शकतो. खोट्या कपॅसिटरचा आवाजाशी संबंध नाही. संबंध आहे तो फक्त त्या एका दिवसाशी, जेव्हा तो फुटेल.

अमेरिकेतल्या यूएल या चाचणी संस्थेने २०१६ मध्ये ४०० नकली आयफोन अडॅप्टर तपासले. सुरक्षेच्या मूलभूत चाचण्यांत ३९७ नापास झाले आणि १२ इतके वाईट होते की धक्क्याने जीव जाऊ शकतो, असं संस्थेने म्हटलं. फोन चार्ज करणं हीच कसोटी असती, तर यातले किती नापास झाले असते?

आर-क्रमांकावर किती विसंबायचं?

नोंदणी असलेल्या अडॅप्टरवर बीआयएसचं चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. मानक म्हणून जुन्या लेबलवर आयएस १३२५२ किंवा आयएस ६१६ दिसेल. आता या दोन्हींची जागा आयएस/आयईसी ६२३६८-१ हे एकच मानक घेत आहे. फोनवर बीआयएस केअर ॲप घ्या, तिथे आर-क्रमांक टाका. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, कोणत्या वस्तूची आहे आणि ती चालू आहे का, हे दिसतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

पण ॲपने 'आहे' म्हटलं की थांबू नका. नावं जुळवा. तुमच्या हातातल्या अडॅप्टरवरचा ब्रँड आणि ॲपमधला ब्रँड एकच आहे का? वस्तू 'पॉवर अडॅप्टर'च आहे की क्रमांक भलत्याच वस्तूचा आहे? दुसऱ्याचा खरा क्रमांक स्वतःच्या लेबलवर छापणं अवघड नाही.

आणि ही नोंदणी म्हणजे प्रत्येक नगाची तपासणी नव्हे. कारखान्याने प्रयोगशाळेत नमुना दिला, तो पास झाला, पुढचा माल तसाच बनेल अशी हमी कारखान्याने स्वतः दिली. नमुन्यात वाय-१ कपॅसिटर आणि दहा हजाराव्या नगात निळा सिरॅमिक, हे पकडायला बाजारातून माल उचलून तपासावा लागतो. तरीही मी म्हणेन, क्रमांक असलेला आणि नसलेला यांत फरक मोठा आहे. क्रमांकामागे कोणीतरी आहे, ज्याला जाब विचारता येतो. 'एस-२४०-२४' च्या मागे कोणीच नाही.

छाप्यांचा माझ्या मते खरा धडा हाच आहे. गोदामात जाऊन माल पकडणं हे शेवटच्या टप्प्यावरचं काम. त्याआधीचा साधा उपाय आपल्या स्क्रीनवर शक्य आहे. विक्रीच्या पानावर रंग, वजन, लांबी-रुंदी भरल्याशिवाय विक्रेत्याला पुढे जाता येत नाही. तसाच आर-क्रमांकाचा रकाना सक्तीचा करावा आणि तो नोंदणीशी आपोआप ताडून बघावा. मी रोज असले फॉर्म बनवतो. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड काम नाही. आज तो रकाना नसल्यामुळे ही तपासणी अकरावी-बारावीतल्या मुलाच्या बोटांवर येऊन पडते.

मग घ्यायचं काय?

पहिला पर्याय, घरात पडलेला ओळखीच्या कंपनीचा जुना लॅपटॉप अडॅप्टर. १९ व्होल्ट, ३.४२ किंवा ४.७४ अँपियर. लॅपटॉपसोबत आलेला हवा, रस्त्यावरून घेतलेला 'सेम टू सेम' नको. टीपीए३११६ ला १९ व्होल्ट मजेत चालतात. २४ व्होल्टच्या तुलनेत आवाज दोनच डेसिबलने कमी होतो, जो कानाला जेमतेम जाणवतो. लावण्याआधी मीटरने प्लस-मायनस तपासा. असे अडॅप्टर थ्री-पिनचे असतात. कॉम्प्युटर जोडल्यावर घूं आला तर तो वर सांगितलेला फेरा.

दुसरा, ६५ वॅटचा टाइप-सी पीडी चार्जर आणि २० व्होल्ट मागून घेणारा छोटा ट्रिगर बोर्ड. चार्जरच्या लेबलवर '२० व्होल्ट, ३.२५ अँपियर' असं लिहिलेलं हवं. फोनचे बरेच फास्ट चार्जर स्वतःच्या पद्धतीने चालतात आणि २० व्होल्ट देतच नाहीत, म्हणून आधी लेबल वाचा.

तिसरा, नवाच घ्यायचा असेल तर बंद प्लास्टिकचा, आर-क्रमांक जुळणारा, २४ व्होल्ट ५ अँपियरचा अडॅप्टर. जाळीच्या खोक्यापेक्षा महाग पडेल. घ्या.

आणि पत्र्याचं खोकं वापरायचंच असेल, तर ते नाव असलेल्या कंपनीचं, नोंदणीचं, तीन तारांच्या वायरने, अर्थिंगच्या स्क्रूला हिरवी तार कसून. त्याचे स्क्रू उघडे राहता कामा नयेत. घरात लहान मूल असेल तर अजिबात नाही. सॉकेटच्या तिसऱ्या भोकात खरंच अर्थिंग आहे का, हेही एकदा वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत ते भोक बरेचदा नुसतं शोभेचं असतं.

आतेभावाच्या अँपला आता माझ्या जुन्या लॅपटॉपचा अडॅप्टर लावलाय. दहा दिवस आरती, गाणी सगळं त्याच्यावर झालं. मुंग्या नाहीत. त्या खोक्याची वायर काकांनी कटरने कापून टाकली, म्हणजे 'चालू आहे' म्हणून कोणी भंगारातून उचलून पुन्हा लावायला नको.

परतताना बसमध्ये त्याने मला त्या सप्लायचं विक्रीचं पान दाखवलं. शेकडो रिव्ह्यू. 'सुपर साउंड', 'बास जबरदस्त', 'पैसा वसूल'. त्यातला एक त्याचाच होता, पाच स्टारचा, मुंग्या यायच्या आदल्या दिवशीचा. त्याने तो उघडला, चार स्टार काढून टाकले आणि खाली लिहिलं: "आवाज छान आहे. पण हा रिव्ह्यू आवाजाचा होता. सप्लाय मी तेव्हा बघितलाच नव्हता."